माझ्या यकृताचा तुकडा आणि सासूबाईंचा काढा

मंडळी, गंगापूर रोडच्या दवाखान्यातून आल्यापासून मी थक्क आहे.

माझ्या नवऱ्याला माझ्याच यकृताचा तुकडा बसवलाय. आज त्यांचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही घेताय?"

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "रोज गुळवेलीचा काढा देते मी. प्रतिकारशक्ती लय वाढती."

डॉक्टरांनी हातच जोडले. "आजी, तीच आम्ही गोळ्यांनी दाबून ठेवतोय! तिला सूनबाईंचं यकृत परकं वाटतं, ती त्यावर तुटून पडते. रक्तात तशी खूण दिसतेय. काढा आधी बंद."

सासूबाईंचा चेहरा पडला. "एवढी वर्षं नांदतीय ही. अन् ह्याच्या रक्ताला अजून परकीच?"

मला नवल वाटतं त्या तुकड्याचं. जे रक्त त्याला परकं म्हणतं, तेच तो बिनतक्रार साफ करतोय.

सुनांनो, ओळखीचं वाटतंय का?