किशनची गाडी गुंजीला जाते

यंत्रमागाची मोटर जळो नाहीतर पट्टा तुटो, वडगावच्या परसूला दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती कधी पटली नाही. पाना घ्यायचा आणि स्वतःच आत शिरायचं. गल्लीत त्याला थट्टेनं इंजिनेर म्हणत. पण आज हा इंजिनेर ज्या कामाला बसला होता, ते जमूच नये असं घरातल्या दोन माणसांना वाटत होतं. त्यातली एक त्याची बायको अंजनी, आणि दुसरा तो स्वतः.

त्यांचा एकुलता एक किशन काविळीनं गेला, त्याला वर्ष उलटलं. त्याची चारचाकी गाडी तेव्हापासून दारातल्या पत्र्याखाली उभी होती. मागं राहिली सून स्वरूपा, तरणीताठी, पदरी मूलबाळ नाही. परसूच उठून गुंजीला तिच्या माहेरी गेला आणि व्याह्याला म्हणाला, "पोरीचं आयुष्य पुढं पडलंय, दुसरं ठिकाण बघा." भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. त्यानं ऐकलं नाही. आता ठिकाण ठरलं होतं आणि स्वरूपा माहेरी निघाली होती. उद्या पितृपंधरवडा लागणार. तो लागला की संपेपर्यंत बाईमाणसाला दारातून हलवायची रीत नाही, म्हणून आजच.

पण सकाळी तिनं एकच हट्ट धरला. "मामा, ह्यांची गाडी हितं टाकून मी जायची न्हाय. चालू झाली तर जातो, न्हायतर राहतो."

किल्ली फिरवली तर गाडी नुसती टकटक करून गप्प झाली. परसूनं बाजारातून नवी बॅटरी आणली. दुकानदार माणूस पाठवतो म्हणाला, तर ह्यानं नको म्हटलं. सवय, दुसरं काय.

तो जुनी बॅटरी उचलून बाहेर ठेवत होता, तेव्हा अंजनी जवळ येऊन हळूच बोलली. "एक नट सैल ठेवा की. पंधरवडाभर तरी घरात राहील."

परसूनं जुनी बॅटरी भिंतीकडेला टेकवली. हाच विचार पहाटेपासून त्याच्याही डोक्यात होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

त्यानं नवी बॅटरी बसवली. मागाच्या वायरिंगमध्ये तांबडी तार म्हणजे वैरी, ती सगळ्यात शेवटी जोडायची, हे त्याच्या हातात जन्मभर मुरलेलं. गाडीत नेमकं उलटं असतं. त्यानं काळी आधी आवळली आणि मग तांबडीला पाना लावला. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं आणि फाडकन् ठिणगी उडाली. पाना हातातून निसटून खाली पडला. काहीतरी जळलं असावं, असं त्याला वाटलं. वाटलं कसलं, क्षणभर त्यानं तशी इच्छाच केली.

स्वरूपा आतून धावत आली. तिनं त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. हाताला काही झालं नव्हतं.

"काळी शेवटी, मामा," ती म्हणाली. "ह्यांनी कितींदा शिकवलंय मला."

तिनं पाना उचलला. काळी सोडवली, तांबडी आवळली, मग पुन्हा काळी. अगदी किशनसारखी, खालचा ओठ दाताखाली धरून. परसूला तिच्याकडे बघवेना. पोरगा गेल्यावर त्याचं जे काही उरलं होतं, ते ह्या पोरीच्या हातात होतं, आणि तेही आता चाललं होतं.

स्वरूपा चालवायच्या जागी बसली आणि गाडी पहिल्याच किल्लीला लागली. अंजनीनं उंबऱ्यात बसून तोंडाला पदर लावला. विधवेची भरत नाहीत ही रीत मोडून तिनं स्वरूपाची ओटी भरली होती, पिशव्या मागच्या सीटवर होत्या. पाया पडायला म्हणून स्वरूपानं गाडीचं दार उघडलं, तोच परसूनं ते बाहेरून लावून टाकलं.

"उतरू नको, बाई. एकदा बंद केलीस तर परत लागायची न्हाय. थेट गुंजी गाठ."

नव्या बॅटरीचं असं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बसल्या जागी हात जोडून तिनं गाडी गल्लीत काढली.

गाडी वळणाआड गेल्यावर अंजनी म्हणाली, "पाया पडाय उतरत हुती पोरगी. घटकाभर उतरली असती तर काय बिघडलं असतं?"

"उतरली असती," परसू म्हणाला, "तर मी जाऊ दिली नसती गं."