रूथबाईंचा हट्टी विश्वास

गडचिरोलीला आम्हा अंगणवाडी सेविकांची बैठक चालू होती. दुपारी शिपाई आला, म्हणाला, तुमच्या गावाहून फोन आहे. गावच्या एसटीडी बूथवरून रूथबाईंचे यजमान शांतवनभाऊ बोलत होते. "बाई गेली, सुशीला. सकाळी गानं म्हणून राह्यली होती... मधातच थांबली." एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी बैठक सोडून गावची एसटी धरली.

त्याला आता दीड महिना झाला. रूथबाई माझ्या नात्याच्या नव्हत्या. आम्ही ढिवर, तळ्यातल्या मासोळीवर वाढलेली माणसं. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. त्या सरकारी नर्स म्हणून आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. जंगलातल्या पाड्यांवर सायकल जाईल तिथवर सायकलने, पुढे पायी. गोंडी तर अशी बोलायच्या की म्हाताऱ्या माडिया बाया त्यांना आपल्यातलीच समजून माहेर विचारायच्या. शांतवनभाऊ सुतारकाम करत. मूलबाळ नव्हतं. बाळंतपणाहून परत आल्या की हसून म्हणत, "आज अजून एक झालं मले."

मग नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा आला. लसीकरणाहून परतताना एटापल्लीच्या रस्त्यावर त्यांची जीप उलटली. चंद्रपूरला दोन महिने ठेवलं. कमरेखालचं अंग आता हलणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. भाऊंनी सागवानी लाकडाचा उंच पलंग केला आणि खिडकीपाशी लावला.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. पाठीला जखमा व्हायच्या, त्या मी आणि भाऊ धुवायचो. बाई दात दाबून सोसायच्या. नोकरी सुटली होती. बाळंतपणं पुन्हा देवाच्या भरवशावर गेली. पलीकडच्या पाड्यावरची एक पोर अडलेल्या बाळासकट गेली, तेव्हा बाईंनी दोन दिवस भिंतीकडे तोंड केलं. तरी सकाळची प्रार्थना चुकली नाही. एकदा मी चिडून विचारलं, "बाई, ऐकते तरी का तुमचा देव?"

"माईत नाई," त्या म्हणाल्या. "वरीस झालं, मले तर काई बोलून नाई राह्यला. पन बोलत नाई म्हणून गेला म्हणू काय?"

त्याच सुमारास कुठूनसे एक उपदेशक आले. डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि म्हणाले, "भगिनी, उठा." बाईंनी खरंच प्रयत्न केला. हाताच्या जोरावर अर्धं शरीर उचललं, घामाघूम झाल्या आणि पडल्या. ते म्हणाले, तुमच्या विश्वासात कुठंतरी उणं आहे. भाऊंचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र दम घेतला आणि त्या उपदेशकांना म्हणाल्या, "उणं असंल तर असंल. पन मी त्याले सोडलं नाई. अन् त्यानं मले सोडलं, हे तुमी सांगू नका."

ते गेल्यावर मात्र त्या रडल्या. पुष्कळ रडल्या. मग डोळे पुसून चहा मागितला.

पुढच्या श्रावणात पूर आला. तिन्ही बाजूंचे नाले भरले, गाव तुटलं. भर दुपारी बैलगाडीतून कळा सुरू झालेल्या मनकीला घेऊन तिची सासू बाईंच्या दारात आली. दवाखान्याला जायला वाटच नव्हती. मनकीला पलंगाशेजारी खालीच निजवलं. बाई कडेला सरकल्या, मान खाली घालून बघत मला सांगू लागल्या. रक्त पाहिलं की मला भोवळ यायची. "सुशीला, माह्याकडं पाय. तुहे हात, माहे डोळे. घाबरू नको."

बाळ आलं ते निळं. रडेना. सासूनं स्वतःच्या तोंडात पदर कोंबला. "आन इकडं," बाई ओरडल्या. मी नाळेचं काम त्यांनी सांगितलं तसं उरकून लेकरू पलंगावर ठेवलं. बाईंनी कापडानं तोंड पुसलं, पाठ चोळली, ओठ टेकवून अगदी हळू फुंकर घातली. पुन्हा. पुन्हा. मी हात जोडून उभी होते, कुणाला जोडले होते कोण जाणे... आणि मग ते लेकरू असं कडकडून रडलं की दाराबाहेरची माणसंही ओरडली. बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बोलला रे बाबा," त्या म्हणत होत्या. "बोलला!"

त्या पलंगावरून त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. पण ती खोली शाळा झाली. पाड्यापाड्यांवरच्या दाया यायच्या. कापडाची बाहुली करून बाई त्यांना शिकवायच्या. मीही शिकले. बाळंतपण आटोपलं की आधी कुणीतरी बाईंना सांगायला धावायचं, हा गावाचा रिवाजच पडला. त्या मोठ्यानं देवाचे आभार मानायच्या, मग पेढ्यांचं बघायचं.

मागच्या मंगळवारी आमच्या आळीत मुलगी झाली. दाई सवयीनं म्हणाली, "जा वं, रूथबाईले सांगून ये." म्हणाली आणि जीभ चावली. मी हात धुतले आणि निघाले. भाऊ परसात रंधा मारत होते. मी खोलीचं दार उघडलं आणि रिकाम्या पलंगाकडे बघून नेहमीसारखं मोठ्यानं सांगितलं, "पोट्टी झाली, बाई. दोघीबी बऱ्या हायेत."

परसातला रंधा थांबला. तिथूनच भाऊंचा आवाज आला, बाईंच्याइतकाच मोठा, "प्रभू, तुहे उपकार!"