हायवेपलीकडची भुतं

हॅलोविनच्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी गाडी थांबली आणि तिच्यातून पाच-सहा चिमुकली भुतं उतरली. एकाने उशीच्या अभ्र्याला डोळ्यांपुरती भोकं पाडली होती. एका मुलीला पुठ्ठ्याचे पंख होते आणि तिची आई मागून ते सावरत होती.

शेजारच्या देशपांडे वहिनी हळूच म्हणाल्या, "ही आपल्या इथली मुलं नाहीत हो. हायवेपलीकडून येतात. दारातला दिवा घालवा, म्हणजे येणार नाहीत."

या दिवशी भुताखेतांची सोंगं घेतलेल्या मुलांनी दिवा चालू असेल त्या दारी खुशाल खाऊ मागावा, अशी इथे अमेरिकेतली रीत. वहिनी घरी गेल्या आणि त्यांचा दिवा विझला. मग समोरचाही विझला.

आपल्या इथली म्हणजे कुठली? मी जळगावची, वहिनी साताऱ्याच्या. चांगली वस्ती, चांगली शाळा बघूनच तर आम्ही दोघी इतक्या लांब आलो. ही पोरं तासाभरासाठी आली होती, तीही चॉकलेटसाठी.

माझा दिवा मी चालूच ठेवला. शिवाय खुर्ची बाहेर काढून थेट फुटपाथवर मांडली आणि चॉकलेटांचं पातेलं मांडीवर घेऊन बसले.

"अहो, पुढच्या वर्षी अख्खं गाव लोटेल!" वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

"लोटू दे. मोठं पातेलं काढीन."

पंखवालीने बिचकत एकच चॉकलेट उचललं.

"मूठ भरून घे गं," मी म्हटलं. तिला मराठी कळलं नसणार, पण तिने मूठ भरली आणि अंधाऱ्या दारांपाशी घुटमळणाऱ्या बाकीच्या भुतांना जोरात हाक मारली.