निरंक अहवाल आणि माझं पत्रक

पत्रक लिहायची आमची एक ठरलेली रीत आहे. पहिल्या परिच्छेदात जगात काय चाललंय ते, दुसऱ्यात आपल्या गावातलं उदाहरण, तिसऱ्यात मागण्या. दुसरा परिच्छेद नसला तर ते पत्रक थेट भज्यांच्या गाड्यावर जातं. हे मला आमच्या संघटनेतल्या थोरल्या दादांनी शिकवलं. "लोकाला परदेशातलं सांगून काय करती? बाजूच्या गल्लीतलं सांग, मंग वाचतेत," असं ते म्हणायचे. त्या रीतीनं मी वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर लिहिलं, अंबड तालुक्यात आमच्या बौद्ध वस्तीचा रस्ता अडवला होता त्यावर लिहिलं. रस्ता मोकळा झाला. म्हणून रीतीवर माझा विश्वास होता.

त्याच रीतीनं मी माझ्या बाईंना त्यांच्याच घरात कोंडलं. कसं ते सांगते. त्यात माझी बाजू सावरणारं काही नाही.

बाई मला इंग्रजी शिकवायच्या. मी तीर्थपुरीहून बारावी करून जालन्याला आले तेव्हा मला इंग्रजीत नाव-गावाच्या पुढं काही येत नव्हतं. बाई जुन्या शहरातल्या मस्तगड भागात राहायच्या, एका मुसलमान घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण खाला आणि त्यांचा गोतावळा. बाईंचे मिस्टर रेल्वेत होते, ते वारले. लेक लग्न करून इस्राएलला गेली. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि इथंच शिकवण्या घेत राहिल्या. आडनाव कोकणातल्या कुठल्याशा गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्या 'कर'च्या पुढं तीस वर्षांत कुणी काही विचारलं नाही. कुणाला त्या ब्राह्मण वाटायच्या, कुणाला ख्रिश्चन. खालांना त्या नुसत्या 'हमारी टीचर' होत्या.

मला कळलं ते असं. मी खोली शोधत होते. दोन ठिकाणी आडनाव विचारलं, ते ऐकलं आणि "खोली कालच गेली" म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी मी खोटं आडनाव सांगितलं. खोली मिळाली. मग चार महिने पोस्टमन दिसला की मी धावत जाऊन माझं पत्र आधी हातात घ्यायचे. हे मी एका शुक्रवारी संध्याकाळी शिकवणी संपल्यावर बाईंना सांगून बसले. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "तू खोटं सांगितलंस. मी सांगितलंच नाही. एवढाच फरक."

मग त्यांनी दाराच्या चौकटीला तिरपी ठोकलेली बोटभर लांबीची डबी दाखवली. रंगाऱ्यानं चौकटीबरोबर तीही तपकिरी रंगवून टाकली होती, म्हणून मला ती कधी दिसलीच नव्हती. आत प्रार्थनेचा कागद होता. "आम्ही यहुदी. बेने इस्राएल. आमच्या आजोबांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवार आमचा विसाव्याचा वार, तेलाचा घाणा बंद." त्याच वारासाठी आदल्या संध्याकाळी लावायचे दोन दिवे आतल्या खोलीत लावले होते. कुणाला सांगू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज वाटली नसेल.

गेल्या वर्षी परदेशात एका यहुदी प्रार्थनाघरावर हल्ला झाला. प्रार्थनेला आलेली साधी माणसं मेली. मग देशोदेशीच्या सरकारांनी निषेध केला, आपल्याही केला. टीव्हीवर सगळे पुढारी एकाच सुरात बोलत होते: द्वेष वाढतोय, खपवून घेणार नाही. त्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. एक पोरगा जर्मनीच्या त्या हुकूमशहावर बोलला. केवढी शिस्त, केवढं देशप्रेम, आपल्याला असाच पाहिजे. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी त्याला पहिल्या बक्षिसाची ढाल दिली. मी मागच्या बाकावर होते. लाखो यहुदी ज्यानं मारले त्याला जालन्यात ढाल मिळते, आणि वर सरकार निषेध करतंय! कोणाचा निषेध? माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी लिहायला बसले.

दादा म्हणाले, "आत्ता? तिकडं गाझात लेकरं मरून राह्यलेत अन् तू यांच्यावर पत्रक काढती?"

"गाझावरचं पत्रक कोणी लिहिलं, दादा? मीच ना? बॉम्ब टाकणारं सरकार वेगळं. प्रार्थनेला बसलेल्या माणसाला यहुदी म्हणून मारणं वेगळं."

"लोकाला येवढा फरक कळत न्हाई."

"म्हणून तर काढायचं."

दादांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग काढ. पण गावातलं टाक काहीतरी. यहुदी म्हंजी काय, इथं कोणाला म्हाईतच न्हाई. अर्ध्यांना तर ती कंपनी वाटंल."

मी टाकलं. नाव टाकलं नाही, गल्ली टाकली नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता. लिहिलं: 'याच जालना शहरात, मस्तगडात, एक निवृत्त शिक्षिका गेली तीस वर्षं आपल्या मुलांना इंग्रजी शिकवत आहेत. त्या यहुदी आहेत. तुम्हाला त्यांचा कधी त्रास झाला?' शेवटचा प्रश्न ठळक टाइपात घेतला. बाईंना विचारलं नाही. त्यांना आनंद होईल, असं धरूनच चालले होते.

मस्तगडात इंग्रजी शिकवणारी निवृत्त शिक्षिका एकच आहे. हे मला कळायला हवं होतं. इथला शेंबडा पोरही सांगेल.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाबासकी घ्यायला गेले. जिन्याखाली खाला उभ्या होत्या, हातात आमचं पत्रक, नातवाकडून वाचून घेतलेलं. वरच्या पायरीवर बाई.

"तीस साल," खाला म्हणत होत्या. "मेरी बेटी की शादी में तुम मेहंदी का हिसाब देखे. मेरे मियां का जनाजा उठा तो तुम मेरेकू पकड़को बैठे. और मेरेकू परचे से मालूम पड़्या?"

"खाला, मी सांगणार होते," बाई म्हणाल्या.

"कब? मेरे मरने के बाद?" खालांचा आवाज फाटला. "मैं निकाल देती क्या तुमकू?"

मग खालांनी माझ्याकडं बघितलं. "और तू! बड़ी लिखनेवाली. चाय पीको जाती थी मेरे घर की."

मी म्हणाले, "खाला, मी चांगल्यासाठी..."

"चूप बैठ!"

दुपारी पलीकडच्या गल्लीतले चार जण पुष्पगुच्छ घेऊन आले. कपाळाला टिळे, हातात मोबाइल. "बाई, आमी तुमच्या सोबत. तुमच्या देशानं त्यांना बराबर ठोकलं. इथं कोणी काही बोललं तर फक्त सांगा." हे खालांच्या अंगणात उभं राहून, मोठ्यानं. बाई म्हणाल्या, "माझा देश हाच आहे. चप्पल काढून आला असता तर चहा दिला असता. आता जा." ते गेले, पण फोटो काढून गेले. खालांच्या सुनेनं अंगणातली पोरं आत घेतली आणि कडी लावली. कोणासाठी लावली, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

आणि चौथ्या दिवशी हवालदार आले.

चांगला माणूस. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या पत्रकांत हवालदार कधी चांगला नसतो. त्यांनी जिन्याखाली प्लास्टिकची खुर्ची मांडली, मांडीवर वही घेतली आणि मला ओळखलं. "तुमीच का त्या? मॅडम, लई गोत्यात आणलं तुमी."

त्यांनी सांगितलं ते असं. परदेशातल्या हल्ल्यानंतर वरून आदेश आला होता: जिल्ह्यात यहुदी समाजाच्या व्यक्ती किंवा स्थळं असतील तर यादी करा, संरक्षण द्या. ठाण्यानं चौकशी केली आणि निरंक अहवाल पाठवला. निरंक म्हणजे काही नाही, शून्य.

"मीच लिहिल्ता. 'सदर समाजाची व्यक्ती अथवा स्थळ आढळून आले नाही.' साहेबाची सही झाली, गेला वर. मस्त झालं होतं. अन् मंग तुमचं पत्रक आलं. साहेबानं माझ्या म्होरं टाकलं. म्हणले, एका पोरीला दिसती ती बाई तुला कशी दिसली न्हाई? तवा आता दुरुस्ती अहवाल. अन् दुरुस्ती गेली म्हंजी संरक्षण आलंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला एक सांगा, हे यहुदी म्हंजी नेमकं कशात येतेत? मुसलमानात का ख्रिश्चनात?"

म्हणजे बाई सरकारच्या यादीत नव्हत्याच. शून्यात त्या सुखरूप होत्या. मी त्यांना काढून बाहेर ठेवलं.

संरक्षण असं होतं. बाई भाजीला निघाल्या की हवालदार दहा पावलं मागं. भाजीवाली विचारायची, "बाई, काय केलं तुमी?" जो वर जाईल त्याचं नाव, गाव, कामाचं स्वरूप वहीत. पहिल्या आठवड्यात शिकवणीची दोन पोरं कमी झाली. मग चार. मग एका आईनं फोन करून सांगितलं, "बाई, तुमच्याबद्दल काही न्हाई हो, पण पोलिसाच्या वहीत पोरीचं नाव नको." शेवटी टेबलाभोवती खुर्च्या तेवढ्या राहिल्या.

मी पत्रकं गोळा करायला निघाले. हे कुणी कधी केलं असेल असं वाटत नाही. झेरॉक्सवाल्याकडं गठ्ठा पडला होता, तो घेतला. चहावाल्याच्या भिंतीवरचं खरवडून काढलं. तो म्हणाला, "काल चिकटवायला आल्त्या, आज काढायला? पक्षबिक्ष बदलला का?" पण तोवर पत्रकाचा फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होता, एकात बाईंच्या जिन्याच्या फोटोसकट. मोबाइलमधलं मी कशानं खरवडू?

मग मला वाटलं, अर्ज. अर्ज लिहिणं तर मला येतं. वर गेले. वहीत माझी नोंद झाली: 'सामाजिक कार्यकर्ती, भेटीचे कारण खाजगी.' बाईंनी दार उघडलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं.

मी लिहिलं: 'मला कोणापासूनही धोका नाही. संरक्षण नको. बंदोबस्त काढून घ्यावा.' बाईंची सही घेऊन खाली आले. हवालदारांनी वाचलं आणि मान हलवली.

"हे न्हाई चालणार. नको म्हणतेत, पण कशापायी दिलेलं नको, ते लिहावं लागंल ना. 'मी यहुदी धर्माची असून' असं टाका. खाली पत्ता, वय, किती वर्षापासून राहतेत, घरात आणखी कोण."

"पण तेच तर कुठं नको ना लिहायला!"

"मॅडम, यादीतून काढायचं म्हंजी आधी यादीतली बाई हीच, हे पक्कं व्हावं लागतं. मी काय करू?"

मी ओरडले. कायदा, घटना, खासगीपणा, जे येतं ते सगळं बोलले. गल्ली जमली. हवालदार खुर्चीतून उठले नाहीत, फक्त म्हणाले, "तुमी जेवढं ओरडता तेवढी माणसं जमून राह्यलीत, बघा जरा." खाला दारात होत्या. वरून बाईंनी हाक मारली, "वर ये. तोंड बंद ठेव आणि वर ये."

तो अर्ज बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिला. 'मी यहुदी धर्माची असून' इथं पेन जरा थांबलं. वळणदार, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. जालन्यात राहायला आल्यापासून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा कागदावर लिहिलं, असं त्या म्हणाल्या. शाळेच्या नोकरीच्या अर्जातसुद्धा त्यांनी धर्माचा रकाना मोकळा सोडला होता; हेडमास्तर भला माणूस, त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

अर्ज घेऊन बाई स्वतः खाली आल्या. हवालदारांनी तो घेतला, पोच दिली. "आता बराबर झालं."

"मग आता तुम्ही जाल ना?" बाईंनी विचारलं.

"अर्ज वर जाईल, बाई. वरून आलं की निघालोच."

"वर म्हणजे कुठं?"

"ते मलाबी म्हाईत न्हाई."

तेवढ्यात खालांनी सुनेच्या हातून चहा पाठवला. दोन कप. एक हवालदारांना, एक बाईंना. मला नाही. आणि ते बरोबरच होतं.

याला आता पावसाळा उलटून गेलाय. वरून काही आलेलं नाही. खाला आणि बाई बोलतात, पण पूर्वीसारखं ओरडून, जिन्यातून वर-खाली, तसं नाही. लेक रोज फोन करते, इकडं ये म्हणते. बाई मला म्हणाल्या, "तिथं भोंगा वाजला की तळघरात पळायचं. इथं जिन्याखाली खुर्ची. आणि मला नीट बोलता येतं ते मराठीच. कुठं जाऊ सांग?"

दादांना दुसरं पत्रक हवंय, 'शिक्षिकेच्या दारातला पहारा हटवा'. शीर्षक त्यांनी काढूनही ठेवलंय. मी नाही म्हणाले. "भ्याली काय?" त्यांनी विचारलं. हो म्हणाले. त्यांना माझ्याकडून हे उत्तर ऐकायची सवय नव्हती. मलाही नाही.

इथंही मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. पण नाव न लिहिल्यानं किती भागतं, ते मी एकदा बघितलंय. म्हणून हे लिहिलेलं आधी बाईंना वाचून दाखवायचं ठरवलं आणि परवा गेले. कोपऱ्यावर पोचले तोच फोन वाजला. बाई होत्या.

"खाली कोपऱ्यावर तूच उभी आहेस ना? दिसतेस मला. काय आणलंयस?"

"एक लिहिलंय, बाई. तुम्हाला विचारायचं होतं."

वरच्या खिडकीचा पडदा हलला. मग त्या म्हणाल्या, "यावेळी विचारलंस. पण वर नको येऊ. तुझं नाव त्या वहीत अकरा वेळा झालंय, त्यावरून साहेबांनी विचारलं म्हणे, ही कोण सारखी येते. फोनवरच वाच. हळू वाच."

मी कोपऱ्यावर, भिंतीकडं तोंड करून, वाचायला लागले. दुसऱ्या पानावर होते तेव्हा बाई मध्येच म्हणाल्या, "थांब. हवालदार तुझ्याकडं बघून वही उघडतोय. जा तू."

मी गेले.