बाईंच्या गावाला

डेपुटी साहेब सोमवारी येणार होते आणि चांगुणा बुधवारपासून शाळेत नव्हती. माझं धाबं दणाणायला एवढं पुरेसं होतं.

डेपुटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. वर्षातून एकदा यायचे, कॅटलॉग म्हणजे हजेरीपट उघडायचे, एक पाठ बघायचे आणि शेरेबुकात चार ओळी लिहायचे. साल बावन्न-त्रेपन्नचं. बदलापूरच्या आमच्या प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता आणि मी टेंपररी होते. कायम होणार की घरी बसणार, हे त्या चार ओळींवर होतं. हजेरी पडली की पहिली ओळ बिघडलीच.

आणि चांगुणा गेली होती माझ्याच करणीने.

झालं असं, की हेडमास्तरांनी मला नमुना पाठ लावला. नमुना पाठ म्हणजे साहेबांपुढे मुलं आपणहून बोलताहेत असं वाटावं, म्हणून आठवडाभर घोटून घेतलेला पाठ. विषयही त्यांनीच दिला. तपकिरीची चिमूट नाकात सारत म्हणाले, “सुट्टीत मी कुठे जाणार, हे घ्या. सोपं आहे. मुलं बोलतात.”

मुलं बोलली. कुसुमचे वडील रेल्वेत होते. रेल्वेच्या माणसाला घरच्यांसकट फुकट प्रवासाचा पास मिळतो, म्हणून ती काशीला निघाली होती. काशी ऐकल्यावर वर्गाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांनी कंबर कसली. आदल्या दिवशी पेणला आत्याकडे जाणारा वसंत आता म्हैसूरला निघाला होता. चिपळूणला जाणारी दोन भावंडं एका रात्रीत दिल्लीला पोचली. मी एकेक नाव फळ्यावर लिहीत गेले. भूगोल सुधारत होता, म्हणून कुणाला अडवलं नाही.

किशनची पाळी आली. त्याचे वडील फाळणीनंतर उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून येऊन आमच्याकडे कापडाचं दुकान घालून बसले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, हमारा गाव तो बंद हो गया.”

दुकानाला कुलूप लागलं असं सांगावं तसं त्याने सांगितलं. मुलांना ते पटलं. मला वाईट वाटलं, पण तास संपत आला होता आणि अजून आठ मुलं राहिली होती.

मग चांगुणा. ही बदलापूरला लागूनच असलेल्या मांजर्लीच्या शेतकऱ्याची पोर. म्हणाली, “मी कुठंच नाय. आमचा गाव इथंच हाय.”

“बाई, हिला गावच नाही,” कुसुम म्हणाली. वर्ग हसला. मी फळ्यावर चांगुणाच्या नावापुढे आडवी रेघ मारली. वर्ग हसला ते एक वेळ ठीक, पण ती रेघ मी मारली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मांजर्लीला तिच्या घरी गेले. तिचा बाप धर्मा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता.

“पोर बोलते, मना गावच नाय,” तो म्हणाला. “मंग आमी काय आभालान रातो?”

“तिला शाळेत पाठवा. सोमवारी साहेब यायचे आहेत.”

“सायबाचा नि तिचा काय काम? तिसरी झाली, नाव लिवता येतं, बास झाला. जूनपासून नायच धाडनार.”

दाराआडून चांगुणा सगळं ऐकत होती. तिचं नाक लाल झालं होतं. मला तिची दया आली, हे खरं. सोमवारची भीती त्याहून जास्त वाटत होती, हेही खरं. त्या भीतीपोटी मी बोलून बसले, “चांगुणा, तुलाही गाव आहे. तू सुट्टीत माझ्या गावाला येणार आहेस. साहेबांना तसंच सांग.”

माझ्या हिशेबी हे नमुना पाठातलं एक उत्तर होतं. तिच्या हिशेबी ते आमंत्रण होतं.

सोमवारी साहेब आले. काशी, म्हैसूर, दिल्ली ऐकून त्यांना जांभई आली. मग त्यांनी चांगुणाकडे बोट केलं.

“आणि तू गं?”

“मी बाईंच्या गावाला जानार.”

“तिथे काय बघणार?”

“गेल्याबिगर कसा सांगू?”

साहेब पोट धरून हसले. त्या दिवशीचं एवढं एकच उत्तर मी घोटून घेतलं नव्हतं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, ‘शिक्षिकेचा मुलांवर विशेष लोभ दिसतो.’ हेडमास्तरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

“कायम झालात असं समजा, बाई.”

“पण मी त्या पोरीला कबूल करून बसलेय.”

“अहो, सुट्टीत कोण विचारतंय?”

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी विचारलं. मी माहेरी जायला ट्रंक बांधत होते, तर दारात चांगुणा. नवं परकर-पोलकं, केसांतून तेल कानावर ओघळलेलं, काखेत गाठोडं. मागे धर्मा.

माझा चेहरा बघून तो काय ते समजला. पोरीला पायरीवर बसवून हळूच म्हणाला, “बाई, नाय नेला तरी चालंल. तुमी सायबासाठी बोलला आसाल. मी तिला समजावतो. तशी जूनपासून घरीच बसायची हाय.”

माझी नोकरी कायम झाली होती ती या पोरीच्या एका वाक्यावर. आता मी नाही म्हटलं असतं, तर तिची शाळा तिथेच, त्या पायरीवर सुटली असती. मी म्हटलं, “चार दिवसांनी आणून सोडते.” मनातल्या मनात हेडमास्तरांना चार शब्द वाहिले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

कर्जतला गाडी बदलून आम्ही घाट चढलो. बोगदा आला की चांगुणा माझा दंड धरायची आणि उजेड आला की सोडायची. दंडावर तिची बोटं उमटली. माझं गाव तळेगावच्या पलीकडे, स्टेशनपासून तासभर चालत. आई दारातच उभी होती. तिने पोरीची जात विचारली नाही. गाठोड्यातल्या सुक्या जवळ्याचा वास आधीच बोलत होता. जवळा बापाने बाईंच्या आईसाठी कौतुकाने धाडलेला, आणि आमच्या घरात कांदासुद्धा वार बघून चिरायचे. ती पुडी चार दिवस चिंचेला टांगलेली होती. गावातली मांजरं आमच्यावर फार खूश होती. आईने कपाळाला हात लावला, पण पोरीच्या पानात तुपाची धार कधी कमी केली नाही.

पहिल्या संध्याकाळी चांगुणा गावभर फिरून आली आणि म्हणाली, “बाई, हितं म्हशी हायेत, नदी हाय, भाताची खाचरां हायेत. हा तं आमचाच गाव.”

“मग? परत जायचं?”

“नाय. मी गाडीन बसून आलू ना.”

जूनमध्ये शाळा उघडली. चांगुणा पहिल्या दिवशी हजर. धर्मा स्वतः सोडायला आला होता. “चौथी करूंद्या,” म्हणाला. “नायतर तुमचा गाव फुकट जायाचा.”

मधल्या सुट्टीत तिच्याभोवती कोंडाळं जमलं. तिच्या तोंडी बोगद्यांची संख्या शंभरावर गेली होती आणि माझ्या आईकडे हत्ती बांधलेला होता. मी खोडून काढलं नाही. रेघ मारायची माझी हौस फिटली होती. थोड्या वेळाने कुसुम रडत माझ्याकडे आली. काशीला खरंच जाऊन आली होती बिचारी.

“काशीला कुणीपण जातं,” ती हुंदके देत म्हणाली. “बाई, मला का नाही नेलंत?”

तिची समजूत घालतेय तोवर किशन टेबलापाशी येऊन उभा राहिला. रडला नाही, भांडला नाही. गिऱ्हाइकाने माप द्यावं तसं म्हणाला, “बाई, अगले साल मेरा नंबर लिख लो.”

मी कॅटलॉगच्या मागच्या पानावर लिहिला. पुढच्या वर्षी तो आला, त्याच्यानंतर कुसुम आली. सहा वर्षं मी माहेरी एकटी गेले नाही.

नव्या मास्तरांना मी एवढंच सांगते. साहेबांना दाखवायला म्हणून मुलाला काही कबूल करू नये. साहेब वर्षातून एकदा येतात. मूल दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतं.