मृणालिनीबाईंच्या वर्गातली चाळीस कलमं

लवू घाडीच्या हातचं कलम हमखास लागायचं. बोरीवलीच्या त्या वृक्षोद्यानात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नाही, म्हणून मी आधीच सांगून टाकतो. तुम्हाला कोणी वेगळं सांगितलं असेल, तर ते धादांत खोटं आहे.

नॅशनल पार्कच्या कडेला एका ट्रस्टनं राखलेलं ते उद्यान. तिथं बारा महिने काही ना काही चालायचं. उन्हाळ्यात शाळेच्या पोरांना पानं ओळखायला शिकवायचे, ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन. पण खरा मान जुलैतल्या आंब्याच्या कलमवर्गाचा. चाळीस जागा. त्या भरायला दोन दिवसही लागायचे नाहीत. अंधेरीहून, पार मुलुंडहून बायका यायच्या. प्रत्येकीनं आपल्या हातानं एक कलम बांधायचं, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि ते नर्सरीत ठेवून जायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येऊन आपापलं झाड घरी न्यायचं. चाळीसच्या चाळीस जगायची. दरवर्षी. मृणालिनीबाईंचा वर्ग म्हणजे शंभर टक्के, असं लोक म्हणायचे, आणि बाईही ते हसून ऐकून घ्यायच्या.

आता जरा डोकं चालवा. आयुष्यात पहिल्यांदा चाकू धरणाऱ्या चाळीस बायका. आंब्याची कोय रुजवून आलेलं रोप, तांबूस पानांचं, बोटाएवढ्या जाडीचंसुद्धा नाही. त्याचं खोड छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचर काढायची, ती चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. हे सगळं काप सुकायच्या आत. आणि ह्या बायका काप घेतल्यावर शेजारणीला दाखवायच्या, "बघ गं, बरोबर आहे ना?" लागणार कशी? चाळीसातली पाच-सहा लागली तरी डोक्यावरून पाणी.

उरलेली चौतीस-पस्तीस लवू जगवायचा.

लवू मूळचा मालवणकडचा. बाप कलमं बांधणारा, त्यामुळे ती विद्या हातात लहानपणापासून. मग पोटासाठी गिरणीत आला, आणि संपात गिरणी गेली. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तो उद्यानात रोजंदारीवर लागला. त्याच सप्टेंबरात, वाटपाच्या पंधरा दिवस आधी, मृणालिनीबाई नर्सरीत येऊन वाळलेल्या काड्यांपुढे उभ्या राहिल्या. ह्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं मधासारखं गोड. त्या म्हणाल्या, "लवू, बघ ना, काही होतं का."

एवढंच. लवूनं हौसेनं शेडमागे सात-आठ कलमं स्वतःसाठी बांधली होती, ती लगेच काढून दिली. उरलेल्या बायकांना त्या वर्षी माफी मागून पाठवलं. पुढच्या जुलैपासून त्यानं वर्गाच्याच आठवड्यात शेडमागे पन्नास कलमं गुपचूप बांधून ठेवायला सुरुवात केली. ज्या बाईचं कलम वाळेल तिची चिठ्ठी सोडवून आपल्या कलमाला बांधायची, वाळलेलं खड्ड्यात टाकायचं. काळ्या पिशव्या सगळ्या सारख्याच, कोणाला पत्ता लागणार? दर सप्टेंबरात बाई येऊन तेच शब्द म्हणायच्या आणि लवू मान हलवायचा. त्यावर दोघं एक अक्षर कधी बोलले नाहीत. बायका आपलं झाड बघून अक्षरशः रडायच्या. एकीनं तर सोसायटीत पेढे वाटले. लवू म्हणायचा, "तुमच्याच हाताचा गुण, बाई." शहाणा. आपल्याच हातानं आपलं नाव पुसत होता, आणि वर खूश होता.

अठ्ठ्याऐंशी साली एक माळी निवृत्त झाला आणि कायमची एक जागा निघाली. कायम म्हणजे उद्यानातली खोली. पक्की, पत्र्याची नव्हे, कौलाची. लवू आणि त्याची बायको प्रेमा दहिसरला नदीकाठी झोपड्यात राहत होती. प्रेमाला दमा. पावसाळ्यात जमिनीतून ओल वर यायची, तेव्हा ती उशाला टेकून बसून झोपायची. त्या खोलीसाठी तिनं देवाला काय काय नवस बोलले होते ते तिलाच ठाऊक. लवूला दुसरं काही नको होतं. फक्त ती खोली.

सुपरिंटेंडंट होते रुडॉल्फसाहेब. मरोळच्या गावठाणातले, तिखट पण सरळ माणूस. त्यांनी प्रत्येक वर्ग घेणाऱ्याकडून आपल्या माणसांबद्दल चार ओळी मागवल्या. मृणालिनीबाईंची चिठ्ठी ऑफिसात आली, तेव्हा जुना माळी लुईस तिथंच होता. त्यानं ती वाचली आणि संध्याकाळी लवूला सांगितली: "लवू पाणी घालतो, पिशव्या उचलतो. प्रामाणिक आहे. कलमाच्या कामाचा अनुभव नाही."

"अनुभव नाही?" लवूनं पुन्हा विचारलं.

"लिहिलंय तसं सांगतो यार," लुईस म्हणाला. "जागा कलम येणाऱ्याला द्यायची म्हणतायत."

लवूच्या डोक्यात तिडीक गेली, आणि का नाही जाणार? दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे गेला. बाई वर्गाच्या याद्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, मी लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं ना, तुला कुठे शिकवलं, कधी शिकवलं. नसते प्रश्न. तुझं होईल रे, मी बोलेन." त्या बोलणार नव्हत्या. लवूला ते तिथंच कळलं.

त्या वर्षी शेडमागे त्यानं एकही काडी बांधली नाही.

प्रेमाला सांगितलं तर ती धास्तावली. "नको करू असला. खोलीचा काय?"

"खोलीसाठीच," लवू म्हणाला. "बाईंचा कलम मरतला, तेव्हा साहेबांका कळतला कोणाचो हात होतो तो."

हाच तो हिशोब, आणि हीच त्याची चूक. बिचाऱ्याला वाटलं, काम थांबलं की काम करणारा दिसतो. पण त्यानं कोणाचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नाही हो. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी दिलं, ऊन आलं तर गोणपाटाची सावली धरली. बायकांनी बांधलेली चाळीस कलमं बायकांच्याच नशिबानं जगू-मरू दिली, एवढंच. पहिल्या पंधरवड्यात काड्या हिरव्या होत्या, मग एकेक काळी पडायला लागली. आपल्या हातात असती तर कुठली वाचली असती ते त्याला बघताच कळायचं. तो जेवायचा नाही. सप्टेंबरात बाई आल्या आणि तेच म्हणाल्या, "लवू, बघ ना, काही होतं का." लवू म्हणाला, "यंदा नाही होणार, बाई." बाई निघून गेल्या. साहेबांकडे गेल्या नाहीत, वाटप पुढे ढकललं नाही. का, ते त्या रविवारी कळलं.

रविवारी चाळीस बायका आल्या, कोणी नवऱ्याला घेऊन, कोणी कॅमेरा घेऊन. जिवंत कलमं चार. बाकी काळ्या पिशव्यांत उभ्या काटक्या, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. मग मृणालिनीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "मी तुमच्याकडून बांधून घेतली तेव्हा सगळी टवटवीत होती. नंतरचं माझ्या हातात नसतं." आणि त्यांनी लवूकडे बघितलं. नुसतं बघितलं.

चाळीस बायकांनी मग लवूकडे बघितलं. एकीनं विचारलं, "पितो का हा?" दुसरी म्हणाली, "दोन महिने पाणी घालायचं तेवढंच तर काम होतं." ज्यांच्या मागच्या वर्षीच्या झाडांना आता हातभर पालवी होती, त्याही ह्या घोळक्यात होत्या. पहिल्यांदाच आलेल्या एकीनं आपली काटकी पिशवीसकट त्याच्या पायाशी आपटली. माती त्याच्या चपलांवर पडली, आणि लवू ती झटकायलाही वाकला नाही.

सोमवारी साहेबांच्या खोलीत लवूनं सगळं सांगितलं. त्र्याऐंशीपासून एक न एक गोष्ट, शेडमागची कलमं, चिठ्ठ्या, वाळलेल्यांचा खड्डा. वाटलं, चला, आता खरं बाहेर आलं. साहेबांनी बाईंना बोलावून विचारलं. बाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "लवू, असं करत होतास तू? माझ्या पाठीमागे?"

साहेबांनी लुईसला पाठवून शेडमागचा खड्डा उकरवला. पाच वर्षांच्या वाळलेल्या काड्या निघाल्या, जुन्या पट्ट्यांसकट. लवूचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी त्या काड्या एकेक हातात घेऊन बघितल्या.

"माझा विश्वास बसला," साहेब म्हणाले. "तू म्हणतोस ते सगळं खरं आहे."

लवूनं हात जोडले.

"म्हणजे पाच वर्षं तू इथं येणाऱ्या लोकांना खोटं झाड देऊन फसवलंस. आणि सहाव्या वर्षी, जगवता येत असताना, मुद्दाम मरू दिलंस. बाईंना माहीत होतं की नव्हतं, त्याला पुरावा नाही. तुझ्या बाबतीत तुझाच पुरावा आहे." साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "कलम येतं तुला, फार चांगलं येतं. पण उद्यापासून येऊ नको."

घ्या. खोटं बोलला असता, "पाणी कमी पडलं, चुकलो" म्हणाला असता, तर फार तर खोली गेली असती. खरं बोलला म्हणून रोजंदारीही गेली.

तो पावसाळा संपला, हिवाळ्यात प्रेमाचा दमा वाढला. लवूनं दहिसर चेक नाक्यावर हमाली धरली. आणि पुढच्या जूनमध्ये एका दुपारी मृणालिनीबाई झोपड्याच्या दारात छत्री मिटून उभ्या राहिल्या. आत येऊन खाटेवर बसल्या, चहा घेतला, प्रेमाच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवते हो मी तुला, माझ्या ओळखीचे आहेत." मग लवूकडे वळून तशाच गोड आवाजात म्हणाल्या, "या वर्षीपण चाळीस बायका आहेत. मागच्या वर्षी नाव फार खराब झालं रे. रोपं, काड्या मी पाठवते. तू इथंच बांध. बघ ना, काही होतं का."

लवूनं प्रेमाकडे बघितलं. प्रेमानं मान खाली घातली. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि औषधाला डॉक्टर लागतो. लवूनं बांधली. झोपड्यामागे, नदीच्या कडेला, पन्नास. बाईंनी नावांची यादी पाठवली, त्यावरून चिठ्ठ्याही त्यानंच लिहिल्या. वाटपाच्या आदल्या दिवशी टेम्पोनं कलमं नर्सरीच्या मागच्या दारानं आत गेली, आणि बाईंनी त्याला रविवारी, साहेबांच्या सुट्टीच्या दिवशी, ओझं उचलायला थांबायला सांगितलं.

त्या रविवारी चाळीसच्या चाळीस झाडं हिरवीगार होती. टाळ्या वाजल्या. एक बाई आपली पिशवी छातीशी धरून लवूपाशी आली आणि रिक्षापर्यंत घेऊन चला म्हणाली. लवूनं ओळखलं, मागच्या वर्षी पायाशी पिशवी आपटली ती हीच. खाकी कपड्यांशिवाय तिनं त्याला ओळखलं नाही.

"जपून हां," ती चालता चालता बोलत होती. "मागच्या वर्षी एक नालायक माळी होता, त्यानं सगळ्यांची झाडं मारली. त्याला हाकलला तेव्हा कुठे जगायला लागली. हे बघा, हे मी स्वतः बांधलंय." तिनं जोडावरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही गाठसुद्धा माझीच. मी ती कध्धीच सोडणार नाही. आठवण म्हणून अशीच ठेवणार."

पट्टी दिवाळीपर्यंत सोडावी लागते. नाही सोडली तर खोड भरतं, पट्टी आत रुतते, आणि दोन वर्षांनी मोहराच्या आधीच झाड जोडावर मोडतं. पाच वर्षं लवू एकेका बाईच्या मागे गेटपर्यंत जाऊन हे सांगत असे. घरी जाऊन विसरू नका म्हणून दोनदा सांगत असे.

रिक्षा आली. लवूनं पिशवी नीट तिच्या मांडीवर ठेवली.

"ठेवा बाई," तो म्हणाला. "छान दिसते."