दोन टोपणांची हिरवी खूण

"तुमच्याकडे यवतमाळला परीक्षेत कॉप्या चालतात ना? इथे नाही चालत."

व्हिडिओ मीटिंगमध्ये पंधरावीस जण. एका ॲपसाठी कोणाचा कोड घ्यायचा, कोणाचा नाही, हे ठरवणारे पुण्याचे सर बोलले आणि सगळे हसले. सगळ्यात आधी कोण हसलं? मी. आर्णीतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून, दात काढून. मग सरांनी पडद्यावर माझं आडनाव वाचलं. थांबले.

"अच्छा. म्हणूनच. इथे सवलत नाही मिळत हं."

मी पुन्हा हसलो. ते हसू मला अजून चावतं.

टोमण्याला कारण मात्र मीच पुरवलं होतं. प्रकल्प ओपन सोर्स, म्हणजे कोणीही सुधारणा पाठवावी असा. फवारणीत औषध किती टाकायचं ते सांगणारं ॲप. बोंडअळीनं कापूस पोखरला ती वर्षं. ज्याच्या हाती फोन, त्याच्या फोनात हे ॲप. ते सांगायचं, पंपाला दोन टोपणं. एक टोपण म्हणजे पाच मिली, असं तिकडे कोणीतरी धरलेलं. आमच्याकडच्या मोठ्या बाटलीचं टोपण त्याच्या कितीतरी पट. माय दुसऱ्यांच्या वावरात फवारणीचं पाणी भरायला जायची. दिवसभर तिचे डोळे चुरचुरायचे. म्हणून मी टोपण काढून मिली घातलं.

कोड पाठवला की तिकडचं यंत्र आपोआप चाचण्या लावतं. पास झाला तर हिरवी खूण, नापास तर लाल फुली. मला फुली आली. एका चाचणीला उत्तर दोन टोपणंच हवं होतं. मग या शहाण्यानं काय केलं? ती चाचणीच पुसून टाकली. हिरवं! त्या आनंदात शेजारच्या टेलरलाही चहा पाजला.

पकडलो गेलो. त्या मीटिंगनंतर माझ्या कोडवर सरांच्या परवानगीशिवाय चाचण्या लागेनात. "आधी माफी लिहून द्या, मग बघू."

माझ्या नावापुढे पिवळा ठिपका. परवानगीच्या प्रतीक्षेत. तीन आठवडे. मी तीन माफीनामे पाठवले. तिसरा तर इतका लाचार, की वाचून मलाच माझी कीव आली. उत्तर नाही. आमच्या आज्यानं असंच लोकांच्या दाराबाहेर थांबून आयुष्य काढलं. पण त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता.

एका संध्याकाळी माय वावरातून थेट दुकानात आली.

"काहून तोंड पाडून बसला रे? झालं का तुह्यं हिरवं?"

"नाही. परवानगी नाही देत."

तिनं पदराच्या गाठीतून एक बोंड काढलं. हिरवंगार. अंगठ्यानं फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"हेबी हिरवंच होतं. आन् फोडून पाह्याले परवानगी कायची? मी बोंड फोडताना कोनाले इचारते का?"

सगळा कोड माझ्या लॅपटॉपवर होता. चाचण्यासुद्धा. त्या घरच्या घरी चालवायला कोणाचा बाप आडवा येत नव्हता. तीन आठवडे हे सुचलं नाही, आणि मी म्हणे लोकांचे फोन दुरुस्त करतो!

पुसलेली चाचणी परत लावली; तिच्यात माझा कोड नापास होणार, होऊ दे. मेडिकलमधून सिरिंज आणली, पाच बाटल्यांची टोपणं पाण्यानं मापली. एक पाच मिलीचं, एक पंचवीसचं. नवी चाचणी लिहिली: उत्तर टोपणात आलं, तर नापास. सरांच्याच कोडवर चालवली. लाल. कोड पाठवला. सोबत लिहिलं:

"चाचणी पुसली, ती चूक माझी. परत लावली आहे. टोपण ही चूक तुमची. पाठवलेले तिन्ही माफीनामे मागे घेतो."

यावेळी उत्तर तासाभरात आलं. "तुमची भाषा योग्य नाही."

टोपणाबद्दल एक अक्षर नाही. मी हसलो नाही.

आता दुकानात येईल त्या फोनमधलं ते ॲप मी मालकाला सांगून काढतो. मिलीवालं माझं घालतो. माझंही फोडून पाहा, म्हणतो. पिवळा ठिपका अजून आहे. राहू दे. ते टोपण निघेपर्यंत माझी चाचणी तिथून हलणार नाही. माझ्या आडनावासकट.